खातेवही एकाची की साऱ्यांची?

ब्लॉकचेनची जाळी वेगवान झाली की तिचे राखणदार घटतात आणि राखणदार वाढले की वेग मंदावतो. हा तिढा केवळ संगणकशास्त्राचा नाही. दादरच्या रोखे-समाशोधनापासून लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या पात्रता यादीपर्यंत त्याचे धागेदोरे पोहोचतात. नोंद कोणी ठेवायची, किती जणांनी राखायची आणि चुकली तर दाद कोणाकडे मागायची, हा त्यातला मूळ प्रश्न आहे.

दादर पश्चिमेला आगर बाजारावरून जाणारा एस. के. बोले रस्ता मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या दर्शनाला निघालेल्यांची येथून रीघ लागते. याच रस्त्यावर ‘सीसीआयएल भवन’ ही इमारत आहे. आतल्या ‘क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ या संस्थेत देशातील सरकारी कर्जरोख्यांच्या बाजारपेठेचा रोजचा हिशेब मिटतो, हे त्या गर्दीतल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल. एप्रिल २००१ मध्ये स्थापन झालेल्या आणि फेब्रुवारी २००२ पासून कामाला लागलेल्या या संस्थेचे कार्य सांगायला सोपे आहे. ती प्रत्येक विक्रेत्यापुढे खरेदीदार म्हणून आणि प्रत्येक खरेदीदारापुढे विक्रेता म्हणून उभी राहते. एखादी बँक ऐनवेळी हात वर करू लागली, तरी दुसऱ्या बँकेचे पैसे वा रोखे बुडत नाहीत. सगळ्यांनी मिळून एका मध्यस्थावर टाकलेला विश्वास, असे या व्यवस्थेचे एका वाक्यात वर्णन करता येईल.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी ‘सातोशी नाकामोतो’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या नऊ पानी निबंधाने नेमक्या याच विश्वासाला आव्हान दिले. मध्यस्थ नसला तरी परस्परांना न ओळखणाऱ्या माणसांमध्ये पैशाचा व्यवहार होऊ शकतो, असा त्याचा दावा होता. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचे जाळे सुरू झाले आणि तो दावा प्रत्यक्षात उतरला. त्यानंतरच्या दीड दशकात शेकडो ब्लॉकचेन जाळी उभी राहिली. प्रत्येकीची जाहिरात दोन शब्दांभोवती फिरते. पहिला विस्तारक्षमता, म्हणजे एका सेकंदात किती व्यवहार पेलता येतात. दुसरा विकेंद्रीकरण, म्हणजे खातेवहीवर कोणा एकाचा किती कमी ताबा आहे. दोन्ही गुण एकाच वेळी पुरेपूर मिळाल्याचे मात्र अजून दिसलेले नाही.

मध्यस्थ का आला?

मध्यस्थाला नावे ठेवण्यापूर्वी तो मुंबईत का आला, हे आठवणे आवश्यक आहे. १९९२ पर्यंत सरकारी रोख्यांची मालकी रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयातील खातेवह्यांत हाताने लिहिली जात असे. नोंदीला विलंब लागे. त्या विलंबावर तोड म्हणून बँका एकमेकींना ‘बँक रिसीट’ देऊ लागल्या. रोखे आमच्याकडे आहेत, यथावकाश देऊ, एवढेच त्या कागदाचे म्हणणे. हर्षद मेहता प्रकरणात या कागदाचे पितळ उघडे पडले. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक यांनी रोख्यांचा आधार नसलेल्या पावत्या दिल्याचे समोर आले. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर आर. जानकीरामन यांच्या समितीने या सगळ्याचा पंचनामा केला.

संगणकशास्त्र ज्याला ‘दुहेरी खर्च’ म्हणते, त्याच जातीचा हा रोग होता. हाती नसलेली किंवा आधीच दुसऱ्याला दिलेली वस्तू पुन्हा विकायची आणि दोन खातेवह्यांची गाठ पडेपर्यंत मधल्या काळात पैसे वापरायचे. नाकामोतोच्या निबंधाने हाच प्रश्न सोडवला. परंतु तो निबंध यायला सोळा वर्षे अवकाश होता. मुंबईने आपले उत्तर त्याआधीच शोधले आणि ते केंद्रीकरणाचे होते. डिपॉझिटरी कायदा १९९६ मध्ये आला, त्याच वर्षी ‘एनएसडीएल’ सुरू झाली आणि शेअरच्या कागदी प्रमाणपत्रांची जागा संगणकीय नोंदींनी घेतली. एनएसडीएलचा कारभार अनेक वर्षे लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातून चालला. दुसरी डिपॉझिटरी ‘सीडीएसएल’ आज मफतलाल मिलच्या जागेवर उभ्या असलेल्या मनोऱ्यात आहे. जेथे कापसाच्या गासड्या मोजल्या जात, तेथे कोट्यवधी भारतीयांची शेअरमालकी मोजली जाऊ लागली. या केंद्रीकरणाने व्यवहार सुरक्षित झाला आणि वेगवानही झाला. २७ जानेवारी २०२३ पासून देशातील शेअर बाजारात सौद्यानंतर एका दिवसात हिशेब पुरा होऊ लागला. अमेरिकेला ही मजल गाठायला मे २०२४ उजाडला.

वेगाची किंमत

या पार्श्वभूमीवर ब्लॉकचेनची तुलना पाहायला हवी. बिटकॉइनच्या जाळ्यात सरासरी दहा मिनिटांनी नोंदींचे एक पान, म्हणजे ‘ब्लॉक’, जोडले जाते. पानाचा आकार मर्यादित असल्यामुळे सेकंदाला जेमतेम सात व्यवहार बसतात. याउलट भारताच्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. सेकंदाला सरासरी साडेसात हजारांच्या घरात जाणारा हा आकडा आहे. यूपीआयचा एका दिवसाचा भार उतरवायला बिटकॉइनच्या मूळ जाळ्याला जवळजवळ तीन वर्षे लागतील.

हा मंदपणा अज्ञानातून आलेला नाही. तो जाणूनबुजून पत्करलेला आहे. बिटकॉइनची संपूर्ण खातेवही आज कित्येकशे जीबींची असली, तरी साधारण घरगुती संगणकावर ती ठेवता येते आणि प्रत्येक नोंद स्वतः तपासता येते. पान मोठे केले तर व्यवहार वाढतील, पण खातेवही फुगेल आणि ती सांभाळणे हळूहळू मोठ्या कंपन्यांनाच परवडेल. २०१५ ते २०१७ या काळात बिटकॉइनच्या समूहात याच मुद्द्यावर कडाक्याचे भांडण झाले. १ ऑगस्ट २०१७ रोजी मोठ्या पानांचे समर्थक ‘बिटकॉइन कॅश’ घेऊन वेगळे झाले. बाजाराने कौल दिला तो छोट्या पानांना.

‘इथेरियम’चे प्रवर्तक विटालिक ब्युटेरिन यांनी या ओढाताणीला त्रिकोणाचे रूप दिले. विकेंद्रीकरण, विस्तारक्षमता आणि सुरक्षितता हे तीन कोन. त्यातले दोन साधले की तिसरा हातचा सुटतो, असे त्यांचे सूत्र आहे. तो निसर्गनियम नव्हे, परंतु आजवरचा अनुभव त्याला दुजोरा देतो. प्रत्येक व्यवहार प्रत्येकाने तपासायचा असेल, तर संपूर्ण जाळ्याचा वेग त्यातल्या सामान्य संगणकाच्या वेगाइतकाच राहणार. वेग हवा असेल तर तपासणाऱ्यांची संख्या कमी करावी लागते, नाहीतर त्यांच्याकडे महागडी यंत्रे असावी लागतात. दोन्ही मार्गांनी दार अरुंदच होते.

‘सोलाना’ने महागड्या यंत्रांचा मार्ग धरला. तेथे व्यवहार क्षणात होतात, शुल्कही नगण्य असते. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये हे जाळे सुमारे सतरा तास बंद पडले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा जवळजवळ पाच तास. दोन्ही वेळा राखणदारांना आपसांत बोलून ते नव्याने सुरू करावे लागले. ‘बीएनबी’ साखळीने संख्या कमी करण्याचा मार्ग धरला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्या एका सेतूवर दरोडा पडला, तेव्हा काही डझन पडताळकांना एकत्र आणून संपूर्ण साखळी थांबवता आली आणि बरीचशी रक्कम बाहेर जाण्यापासून वाचली. मूठभरांच्या हाती सूत्रे असल्याचा हा फायदा. त्याची दुसरी बाजू त्याच वर्षी मार्चमध्ये ‘रोनिन’ जाळ्यात दिसली. तेथे एकूण नऊ पडताळक होते. चोरांनी त्यातल्या पाच किल्ल्या मिळवल्या आणि ६० कोटी डॉलरहून अधिक किमतीची लूट केली. चोरी झाल्याचे लक्षात यायला सहा दिवस लागले. ज्या व्यवस्थेला पाच माणसे थांबवू शकतात, तिला पाच किल्ल्या लुटूही शकतात.

मुंबईचा तोडगा

या तिढ्यावरचा एक महत्त्वाचा तोडगा मुंबईत जन्मला. डिसेंबर २०१७ मध्ये ‘क्रिप्टोकिटीज’ या मांजरांच्या खेळाने इथेरियमचे जाळे तुंबवून टाकले होते. एका खेळाने जागतिक खातेवहीची ही गत होत असेल, तर उद्या बँका आणि सरकारे तिच्यावर कशी चालणार, असा प्रश्न तेव्हा पुढे आला. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी त्याच वर्षी सुरू केलेला ‘मॅटिक’ हा प्रकल्प या कोंडीवर उपाय शोधण्यासाठीच होता. २०२० मध्ये त्याचे जाळे कार्यान्वित झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने ‘पॉलिगॉन’ हे नाव घेतले. त्याच्या चाचणी-जाळ्याचे नाव ‘मुंबई’ होते. एप्रिल २०२४ मध्ये ते बंद होऊन ‘अमॉय’ने त्याची जागा घेईपर्यंत जगभरचे संगणकतज्ज्ञ आपले प्रयोग ‘मुंबई’वर करीत असत.

पॉलिगॉनची कल्पना समजून घ्यायला अनंत चतुर्दशीची मिरवणूक डोळ्यांपुढे आणावी. गणेश गल्ली, लालबाग, चिंचपोकळी येथील मंडळे दहा दिवस आपापल्या मांडवात सारे विधी, वर्गणीचा हिशेब, रांगांची व्यवस्था स्वतः पाहतात. गिरगाव चौपाटीला त्याची खबर नसते. चौपाटीशी संबंध येतो तो विसर्जनाच्या वेळी. रोजची प्रत्येक आरती चौपाटीवर करायची ठरवली, तर वाळूत पाय ठेवायला जागा उरणार नाही. पॉलिगॉननेही दैनंदिन व्यवहार आपल्या वेगळ्या, वेगवान साखळीवर केले आणि ठरावीक अंतराने त्यांचा गोषवारा इथेरियमच्या मुख्य खातेवहीत नोंदवला. गल्ली गल्लीचे काम करील, शेवटची नोंद समुद्राकाठी होईल. पुढे आलेल्या ‘रोलअप’ नावाच्या दुसऱ्या थरांनी हीच दिशा अधिक काटेकोरपणे पुढे नेली. मार्च २०२४ मधील सुधारणेनंतर अशा थरांना मुख्य खातेवहीत माहिती नोंदवण्यासाठी पडणारा खर्च बराच उतरला.

अर्थात, थरांची ही रचना विनामूल्य नाही. पॉलिगॉनच्या साखळीवर पडताळक शंभराच्या आसपास आहेत. इथेरियमवर ३२ ईथर गहाण ठेवू शकणारा कोणीही पडताळक होऊ शकतो आणि त्यांची संख्या लाखांत मोजली जाते. मार्च २०२२ मध्ये पॉलिगॉनची साखळी सुमारे अकरा तास बंद होती. त्या काळात इथेरियम सुरू होते, पण गल्लीतली मिरवणूक जागची हलत नव्हती. अनेक रोलअपमध्ये तर व्यवहारांचा क्रम लावण्याचे काम अद्याप एकाच कंपनीचा संगणक करतो. मुख्य खातेवहीचे विकेंद्रीकरण तिच्यावर टेकलेल्या प्रत्येक थराला आपोआप मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये भरतीच्या वेळेने गाठल्यामुळे लालबागच्या राजाचे विसर्जन अनेक तास रखडले, तेव्हा गल्ली आणि समुद्र यांचा सांधा किती नाजूक असतो, याचा अनुभव मुंबईने घेतला. ब्लॉकचेनच्या जगातील अनेक मोठे दरोडे अशाच सांध्यांवर, म्हणजे एका जाळ्यातून दुसऱ्यात नेणाऱ्या सेतूंवर पडलेले आहेत.

लपलेला केंद्रबिंदू

विकेंद्रीकरण मोजताना केवळ पडताळकांची संख्या पाहून भागत नाही. याचे उत्तम उदाहरण मुंबईचा डबेवाला आहे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत कोविडपूर्व काळात सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या घरात डबे पोहोचवत होते. डबा कोठे आहे, हे सांगणारे कोणतेही मध्यवर्ती कार्यालय तेथे नाही. झाकणावरच्या रंगीत खुणा आणि आकडे वाचून प्रत्येक जण आपला टप्पा पुरा करतो आणि डबा पुढच्याच्या हाती देतो. विकेंद्रित आणि तरीही विस्तारक्षम, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. परंतु मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि सव्वाशे वर्षांची ही सेवा ठप्प झाली. माणसे पाच हजार होती, रेल्वे एकच होती.

ब्लॉकचेनचीही अशी एक ‘लोकल’ आहे. ११ नोव्हेंबर २०२० रोजी ‘इन्फुरा’ या एका कंपनीची सेवा बिघडली आणि इथेरियमवर अवलंबून असलेल्या अनेक सेवा अडल्या. जाळे विकेंद्रित होते, पण बहुतेकांनी त्यात शिरण्याचे दार एकाच कंपनीचे निवडले होते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या संगणकसेवेत बिघाड झाला, तेव्हाही अनेक क्रिप्टो सेवा बंद पडल्या. बिटकॉइनचे खाणकाम जगभर पसरलेले असले, तरी अलीकडच्या काळात दोन मोठ्या समूहांचा त्यातला वाटा निम्म्याच्या आसपास राहिलेला आहे. इथेरियमवर गहाण पडलेल्या ईथरपैकी जवळजवळ एकतृतीयांश २०२३ मध्ये ‘लिडो’ या एकाच व्यवस्थेमार्फत आलेले होते. नकाशावर बिंदू हजारो दिसतात, त्यांच्या दोऱ्या मात्र मोजक्या हातांत असतात.

सामान्य गुंतवणूकदारापर्यंत तर विकेंद्रीकरण बहुधा पोहोचतच नाही. मुंबईतून सुरू झालेल्या ‘वझीरएक्स’ या क्रिप्टो बाजारमंचावर १८ जुलै २०२४ रोजी सायबर दरोडा पडला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली. ब्लॉकचेनने आपले काम चोख केले. चोराकडे गेलेली प्रत्येक पै जगाला दिसत होती, पण परत आणता येत नव्हती. ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले आणि सिंगापूरच्या न्यायालयाने पुनर्रचनेला मान्यता दिल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले. मध्यस्थ नको म्हणून जन्मलेल्या नाण्याचे भवितव्य अखेर एका मध्यस्थाच्या तिजोरीवर आणि एका न्यायालयाच्या आदेशावर ठरले.

दादरला पर्याय आहे काय?

आता पुन्हा एस. के. बोले रस्त्याकडे वळू. १ नोव्हेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नऊ बँकांसह घाऊक ई-रुपयाचा प्रयोग सुरू केला, तो सरकारी रोख्यांच्या व्यवहारांसाठी. मध्यवर्ती बँकेच्याच पैशात सौदा तत्काळ पुरा झाला, तर हमी देणाऱ्या यंत्रणेची आणि तारणाची गरज कमी होईल, असा त्यामागील विचार होता. सरळ भाषेत, दादरच्या मध्यस्थाशिवाय चालते का, ते पाहायचे होते.

यातला पेच एका छोट्या हिशेबाने कळतो. समजा, पहिली बँक दुसरीला १०० कोटी देणे लागते, दुसरी तिसरीला ९० कोटी आणि तिसरी पहिलीला ८० कोटी. प्रत्येक सौदा सुटा मिटवायचा तर २७० कोटींची देवघेव करावी लागते आणि प्रत्येकीला पैसे आधी तयार ठेवावे लागतात. मध्यस्थ तिघींचे येणे-देणे वजा करतो, तेव्हा पहिलीने २० कोटी द्यायचे आणि उरलेल्या दोघींनी दहा-दहा कोटी घ्यायचे, एवढ्यावर काम भागते. नक्त हिशेबाची ही किमया सर्वांची येणी-देणी एका ठिकाणी दिसतात म्हणूनच साधते. मध्यस्थ काढून टाकला की धोका कमी होईलही, पण अडकून पडणारा पैसा वाढेल. केंद्रीकरण ही येथे सत्तेची हाव नाही, अंकगणिताची सोय आहे.

सर्वसामान्यांसाठीचा ई-रुपया १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत आला. त्याच्या काही भागांत ब्लॉकचेन तंत्र वापरल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. मार्च २०२५ अखेर चलनात असलेला ई-रुपया सुमारे १,०१६ कोटींचा होता. यूपीआयच्या एका दिवसाच्या उलाढालीपुढेही तो किरकोळ ठरतो. दादरच्या फूलबाजारात पाच रुपयांच्या गजऱ्याचे पैसे देणाऱ्याला खातेवही किती जणांकडे आहे, याची फिकीर नसते. पैसे लगेच पोहोचावेत आणि अडकले तर तक्रार करता यावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय अडखळले, तेव्हा एकाच केंद्रावर विसंबण्याचा तोटाही त्याने अनुभवला. परंतु काही तासांत व्यवस्था पूर्ववत झाली. त्या गैरसोयीवर उपाय म्हणून ब्लॉकचेनचा संथपणा कोणी मागितला नाही.

जेथे साक्षीदार हवे आहेत

असे असेल तर विकेंद्रित खातेवहीची गरज कोणाला आहे? उत्तर गिरणगावातच सापडते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुढे त्यांच्या जमिनींच्या विकासातून कामगारांना घरे देण्याचे धोरण ठरले. म्हाडाकडे पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा कोणता? गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस प्रमाणपत्र, हजेरीपत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयसीचा क्रमांक, रजेचे कार्ड. २०२३ पासून विशेष मोहीम काढून सुमारे दीड लाख अर्जदारांची ही कागदपत्रे तपासण्यात येऊ लागली. संपाला तेव्हा चार दशके उलटून गेलेली होती. कितीएक कामगार हयात नव्हते. कागद घेऊन येत होते ते त्यांचे वारस.

ही यादी बारकाईने वाचली तर तिच्यात एक विकेंद्रित खातेवही दिसते. कामगाराच्या नोकरीची एक नोंद गिरणीकडे होती, दुसरी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे, तिसरी राज्य विमा महामंडळाकडे आणि चौथी चाळीतल्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत. गिरणीचे मालक बदलले, कचेऱ्या पाडल्या गेल्या, मस्टर कोठे गेले याचा पत्ता राहिला नाही. तरीही ज्याच्याकडे एकाहून अधिक साक्षी उरल्या, त्याचा हक्क टिकला. ज्याची भिस्त गिरणीच्या एकाच वहीवर होती, त्याला हेलपाटे घालावे लागले. अशा नोंदीला सेकंदाला हजारो व्यवहारांचा वेग लागत नाही. ती माणसाच्या आयुष्यात एकदा होते आणि चाळीस वर्षांनी उपयोगी पडते. तिला हवे असते ते एवढेच की कोणा एकाला ती पुसता येऊ नये आणि कोणा एकाच्या दिवाळखोरीबरोबर ती नाहीशी होऊ नये.

या दिशेने महाराष्ट्रात एक लक्षणीय पाऊल पडलेले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये उपविभागीय प्रशासनाने ६५,००० जात प्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉनच्या साखळीवर करण्याचा उपक्रम हाती घेतला. प्रमाणपत्रावरील क्यूआर कोडच्या आधारे त्याचा खरेपणा पडताळता यावा, बनावट प्रमाणपत्रांना आळा बसावा, हा त्यामागचा हेतू. मुंबईत घडलेले तंत्र दुर्गम आदिवासी तालुक्यात पोहोचले, ही समाधानाची बाब आहे. डिपॉझिटऱ्यांनाही ‘सेबी’ने ऑगस्ट २०२१ मध्ये कर्जरोख्यांमागील तारणाच्या नोंदी वितरित खातेवहीवर ठेवण्यास सांगितले आणि एप्रिल २०२२ पासून ती व्यवस्था अमलात आली. एकच तारण अनेकांना दाखवण्याच्या जुन्या खोडीला यामुळे अटकाव होऊ शकतो.

मात्र येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली, ब्लॉकचेन नोंद बदलू देत नाही. नोंद खरी आहे की खोटी, हे तिला कळत नाही. तहसील कचेरीत चुकीचे नाव लिहिले गेले, तर ते नाव शंभर संगणकांवर तितक्याच निष्ठेने जपले जाईल. १९९२ मध्ये रोखे नसताना पावती लिहिणारा हात माणसाचा होता आणि आजही पहिली नोंद करणारा हात माणसाचाच असतो. दुसरी, न पुसता येणारी नोंद ही दुबळ्याचे कवच असते, तशी त्याची बेडीही होऊ शकते. अपात्र ठरवलेल्या कामगाराला अपील करता आले पाहिजे, जातीची चुकलेली नोंद दुरुस्त झाली पाहिजे. इथेरियमनेही २०१६ मध्ये ‘डीएओ’वरील दरोड्यानंतर इतिहासाला वळसा घालून लुटलेले पैसे परत मिळवून दिले होते. जुनीच साखळी पाळणारे तेव्हा ‘इथेरियम क्लासिक’ म्हणून वेगळे झाले. कोणतीही खातेवही अखेर माणसांच्या निर्णयावर टेकलेली असते, हे त्या वेळी उघड झाले.

कोणते माप कोठे?

म्हणूनच ‘कोणते जाळे श्रेष्ठ’ हा प्रश्न अपुरा आहे. गजऱ्याचे पैसे, लोकलचे तिकीट, शेअरचा सौदा यांना वेग हवा. तेथे केंद्र असलेली, कायद्याला उत्तरदायी व्यवस्था सरस ठरते आणि मुंबईने ती उत्तम रीतीने उभारून दाखवली आहे. सीमापार पैसा पाठवणे, किंवा जेथे सरकारवरच भरवसा ठेवता येत नाही अशा देशात बचत राखणे, यासाठी बिटकॉइनचा संथ पण हट्टी कारभार उपयोगी पडतो. आणि जमीन, जात, सेवा, पात्रता यांसारख्या आयुष्यभराच्या नोंदींना अनेक स्वतंत्र साक्षीदारांची गरज आहे. त्या साक्षीदारांमध्ये शासनाचे कार्यालय असावे, न्यायव्यवस्था असावी, कामगार संघटना असावी आणि ज्याच्याविषयी ती नोंद आहे तो नागरिकही असावा. शंभर अनोळखी संगणकांपेक्षा परस्परांवर नजर ठेवणारे असे पाच साक्षीदार अधिक मोलाचे ठरू शकतात.

सरकार उद्या एखादी नोंद ‘ब्लॉकचेनवर’ नेल्याची घोषणा करील, तेव्हा विचारायचे प्रश्न यातून स्पष्ट होतात. ती साखळी किती जण राखतात? ते परस्परांपासून खरोखर स्वतंत्र आहेत का? तिला थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? पहिली नोंद कोण करतो? चूक झाली तर ती कोणाच्या सहीने आणि किती दिवसांत दुरुस्त होते? ही उत्तरे मिळत नाहीत तोवर सेकंदाला किती व्यवहार होतात, या आकड्याला फारसा अर्थ नाही. लालबागच्या चाळीत चाळीस वर्षे ट्रंकेत जपलेल्या लाल पासाला वेग नव्हता. त्याचे मोल ठरले ते तो कामगाराच्या स्वतःच्या हाती उरला म्हणून.